इंग्रजीच्या तासाला पोरं खेळतात, खेळू द्या

महोदय,

'शाळामा नुसता खेळच चालस' अशी कुरकुर सध्या आमच्या गावात पारावर चालू आहे. रोख दुसरीच्या इंग्रजीवर आहे. वह्या निम्म्या कोऱ्या आणि पोरं अंगणात उड्या मारतात! मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. धंदा कापसाचा, इंग्रजी बेताचंच. तरी बोलण्याआधी तो तास बघून आलो.

बाई खडूने चौकोन आखतात. एकेकात चित्र: गाय, विहीर, झाड, कापसाचं बोंड. 'जंप टू द वेल' म्हटलं की विहिरीवर उडी. चुकला तो बाद. पण बाद झालेल्याने कोपऱ्यात बसायचं नाही, पुढचे हुकूम त्यानेच सोडायचे. खरी मेख इथे आहे. ज्याला ऐकून उमगलं नाही, त्याच्याच तोंडून वाक्य निघतं, आणि आपल्या एका शब्दावर सगळा वर्ग उड्या मारतो म्हटल्यावर मुखदुर्बळ पोरगंही खच्चून ओरडतं. घरी अहिराणी, पुस्तकात मराठी, त्यावर ही तिसरी भाषा. ती आधी कानात आणि तोंडात बसू द्या की! ऊसतोडीहून होळीनंतर परतलेल्या पोरांचे धडे बुडालेले असतात, पण या चौकोनांत ती पहिल्याच दिवशी उतरतात.

काहींचं म्हणणं, खेळच हवा तर मोबाईलवर द्या. मोबाईल घरात एकच, तो बापाच्या खिशात. शिवाय त्यावर पोरगं बोट फिरवतं, बोलतं कुठे?

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. लहानग्यांना खेळातून शिकवा, हे पायाभूत स्तराच्या, म्हणजे दुसरीपर्यंतच्या, २०२२च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातच आहे. २०२३मध्ये देशपातळीवर शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने त्यासाठी 'जादुई पिटारा' नावाची खेळसाहित्याची पेटीही काढली. तरी तपासणीला आलेले साहेब आधी वह्याच मागतात. त्यांनी दहा मिनिटं अंगणात उभं राहून एखाद्या पोराला हुकूम सोडायला सांगावं. आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत बाईंना हा खेळ घेऊन दाखवू द्यावा; अजून कुणी त्यांना विचारलेलं नाही.

आणि पावसात खडू टिकत नाही. तेव्हा शाळा अनुदानातून व्हरांड्यात ऑइलपेंटने चौकोन रंगवून घ्यावेत, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. विरोध करणाऱ्यांनी आधी एक तास बघून यावं.

– एक पालक, ता. शिंदखेडा, जि. धुळे