लहानग्यांसाठी ‘शोधा आणि मोजा’ चित्र छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या बालपानावर ‘दहा फरक ओळखा’ हे कोडं येतं. ते पान घेऊन गल्लीतली सहा-सात लेकरं माझ्या ओट्यावर जमतात. मोठी रमतात, पण अंगणवाडीतली आणि नुकतीच पहिलीत गेलेली पाच मिनिटांत उठून जातात. दहा फरक त्यांच्या आवाक्यातलेच नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं पहिली-दुसरी शिकवली, त्या हक्कानं विनंती करते : या लहानग्यांसाठी त्याच पानावर एक वेगळं चित्र द्या. गजबजलेलं चित्र, त्यात एकच वस्तू शोधायची आणि ती किती आहे ते मोजायचं.

शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं पोर समोरचे सात खडे मोजताना चुकतं, हे पहिलीच्या कुठल्याही बाईंना विचारा. बोट एकीकडे पळतं, तोंड दुसरीकडे. मागच्या महिन्यात शेजारची साडेचार वर्षांची मुलगी पोळ्याच्या चित्रातले बैल मोजत होती. बैल होते सहा, त्यातल्या एकाची लिंबाच्या झाडाआडून नुसती शिंगं दिसत होती. तिनं मोजले आठ. “किती झाले गं?” म्हणून विचारलं, तर उत्तर न देता तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली. शेवटी म्हटलेला आकडा हेच ‘किती’चं उत्तर, हे तिला अजून उमगलं नव्हतं.

मी तिच्या हातात मूठभर चिंचोके दिले. म्हटलं, बैल सापडला की त्याच्या पाठीवर एक चिंचोका ठेव. आता एकाच बैलावर दोनदा बोट जाईना. पाच ठेवून झाले आणि ती थांबली. पानावर इतकी वाकली की वेणी चित्राला टेकली. “बाई, हितं शिंगं हायती!” सहावा चिंचोका शिंगांवर बसला. मग सगळे चिंचोके उचलून ओट्यावर रांगेनं मांडले, मोजले. सहा. मी रांग मोडून ढीग केला आणि पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजले. दोन दिवसांनी मात्र ढिगाकडं बघून म्हणाली, “सहाच की!”

गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजणीची जी तत्त्वं मांडली, त्यांतली दोन या एका खेळात आली : एका वस्तूला एकच आकडा आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या. शिवाय मांडणी बदलली तरी संख्या तीच, हेही तिला उमगलं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आलं, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला! संख्येच्या नावावर आपण इतकं बोललो. ती संख्या लेकराला कळली का, यावर त्याच्या पाव हिश्शानंही बोललो नाही, याची मला खंत वाटते.

चित्र काढणाऱ्यांसाठी थोडं अनुभवाचं. हिरव्या पतंगांत एक लाल पतंग असला तर तो आपोआप डोळ्यांत भरतो, भोवतीचे पतंग वाढवले तरी. पण लाल पतंग आणि हिरवे फुगे यांच्या गर्दीत लाल फुगा शोधायचा, तर लेकराला एकेक वस्तू तपासावी लागते. ॲन ट्रीसमन आणि गॅरी गेलेड या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये हा फरक उलगडून दाखवला. लक्ष लागतं ते या दुसऱ्या प्रकारात. म्हणून सुरुवात सोपी ठेवा, मग हळूहळू गर्दी वाढवा. तीन-चार वस्तू न मोजताही ओळखू येतात, तेव्हा पाच ते दहा ठेवाव्यात. फक्त अगदी तीन वर्षांच्या बाळासाठी दोन-तीन पुरेत.

नुसत्या लाल-हिरव्या फरकावर चित्र उभं करू नका. माझ्या वर्गातला एक मुलगा हिरव्या पानांतल्या लाल मिरच्या कधीच शोधू शकला नाही. मी त्याला लक्ष देत नाहीस म्हणून रागावले. त्याला ते रंग वेगळे दिसतच नव्हते आणि त्याच्या मामालाही दिसत नव्हते, हे पुढं कळलं. ते रागावणं अजून मनाला लागून आहे.

या कोड्यांनी मूल सगळ्याच अभ्यासात एकाग्र होईल, असं मी म्हणणार नाही. पण धीरानं बघायची सवय लागते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत डोकं एकच. सहलीला नेलेल्या पोरांना मी विचारलं, हरणं किती? आधी सगळे म्हणाले, एक. मग एकानं धडं मोजली आणि खांबापुढून कुणी हलेना.

वस्तू आपल्या मुलखातल्या असाव्यात. चित्रातला बर्फातला पेंग्विन आमच्या लेकरांनी पाहिलेला नाही, बोंडं आणि करडीची फुलं पाहिलीत. वस्तू चिंचोक्याएवढ्या तरी मोठ्या हव्यात. आणि उत्तर त्याच चित्राखाली उलटं छापू नका, पोरं पान फिरवून आधी तेच बघतात. ते पुढच्या रविवारी द्या. आईवडिलांसाठी एवढी ओळ टाका : आपलं बोट आधी नेऊ नका.

सोबत वेळ अमावस्येचं, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाचं एक चित्र काढून पाठवत आहे. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पांडव म्हणून मांडलेले चुन्यानं रंगवलेले पाच दगड, बाहेर आंबिलाची मडकी आणि जेवायला बसलेली माणसं. मडकी सात आहेत, त्यांतलं एक उभ्या ज्वारीच्या धाटांत आहे. चित्रकाराला पटलं तर वापरावं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
लातूर जिल्हा