परमिट होतं, पण दुसऱ्या विमानाचं

संपादक महोदय,

एखादं चार्टर विमान वाटेतून परत फिरलं की ‘अमुक देशानं हवाई हद्द नाकारली’ असा मथळा ठरलेला असतो. परदेशी विमानांची ओव्हरफ्लाइट (हद्दीवरून उडण्याची) आणि लँडिंग परमिटं काढणं हेच माझं काम आहे, म्हणून लिहितो. राजकारण असतं तिथे असतंच. पण माझ्या टेबलावर अडलेली विमानं सहसा त्याहून फुटकळ कारणानं अडतात.

एअर अँब्युलन्सचं घ्या. रुग्ण तयार, डॉक्टर तयार आणि ऐन वेळी विमानात बिघाड. ऑपरेटर त्याच जातीचं दुसरं विमान काढतो आणि ‘बाकी सगळं तेच आहे’ म्हणून मोकळा होतो. पण परमिट रजिस्ट्रेशन नंबरावर असतं. नंबर बदलला की नोंदणी, एअरवर्दीनेस (विमान उड्डाणयोग्य असल्याचा दाखला), विमा असे सगळे कागद पुन्हा पाठवायचे. काही देश एका मेलवर जुन्याच परमिटात बदल करून देतात. काहींकडे नवा अर्ज करावा लागतो, आणि तो कार्यालय उघडल्यावरच बघितला जातो. मार्गात एका देशाची सुट्टी शुक्रवार-शनिवार आणि पुढच्याची शनिवार-रविवार असली, की गुरुवारी रात्री आलेला फोन घ्यावासाही वाटत नाही.

दुसरी भानगड वेळेची. अर्ज यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, करायचा असतो. कुणी स्थानिक वेळ लिहून पाठवली, की मध्यरात्रीच्या उड्डाणाची तारीखच बदलते. परमिट एका तारखेचं, विमान दुसऱ्या तारखेला हद्दीवर. कंट्रोलर परमिट नंबर विचारतो, फ्लाइट प्लॅनमधला नंबर त्याच्या यादीशी जुळत नाही. अशा वेळी त्याने आत घेतलं नाही, तर त्याला दोष कसा द्यायचा? आणि उतरण्याचं परमिट हातात आहे म्हणजे वाटेतल्या देशांची हद्द मोकळी झाली, असंही नसतं. पार्किंग आणि स्लॉट (विमानतळावर उतरण्या-उडण्याची ठरवून दिलेली वेळ) तर आणखी वेगळेच.

गंमत म्हणजे 1944 च्या शिकागो कराराचं (नागरी विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार) पाचवं कलम अनियमित, म्हणजे ठरल्या वेळापत्रकाबाहेरच्या, उड्डाणांना पूर्वपरवानगीशिवाय हद्द ओलांडायची मुभा देतं. अर्थात ती नागरी विमानांपुरती. लष्करी किंवा सरकारी विमानाला तिसऱ्या कलमानुसार परवानगी लागतेच. पण दुर्गम प्रदेश किंवा अपुरी दिशादर्शन सोय असेल, तर सुरक्षिततेसाठी खास परवानगी मागायची सोयही पाचव्याच कलमात आहे. आज सगळीकडे सोयी असलेले देशही आधी परमिट मागतात. सार्वभौमत्व मला मान्य आहे, ते त्याच कराराचं पहिलं कलम आहे. पण निदान रुग्णाच्या विमानासाठी सुट्टीच्या रात्री फोन उचलणारा एक अधिकारी तरी असावा.

आपल्या वार्ताहरांना विनंती, पुढच्या वेळी परमिटवरचा आणि विमानाच्या शेपटीवरचा रजिस्ट्रेशन नंबर एकच होता का, तेवढं विचारा. ऑपरेटर टाळाटाळ करील. त्याच्या एजंटला गाठा.

आपला,
परमिट डेस्कवरचा एक वाचक