धोटा परत करायचा राहिलाय, बाई

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून नुसतंच बाई. आंतरवासितेला, म्हणजे शाळेत शिकवण्याच्या सरावाला आलेल्या आमच्या गटाला कळेलच.

पहिल्या आठवड्यात तुमच्यापुढं ठेवलेलं पाठाचं टाचण मी मिनिटभरात चॅटजीपीटीकडून करून घेतलं होतं. सहावी, मराठी, नामाचं लिंग. उद्दिष्टं, विषयप्रवेश, कृती, मूल्यमापन, सगळं चोख. तुम्ही चष्मा वर सारून एवढंच विचारलंत, "३५ मिनिटांच्या तासाला आठ कृती? आणि समुद्रकिनाऱ्यावर काय काय दिसतं, हे सोलापूरच्या पोरांना विचारणार?" आमच्यातल्या आणखी दोघींचा विषयप्रवेशही समुद्रकिनाऱ्यावरच होता, हे मी तेव्हा गिळून टाकलं.

वाटलं, आता मोबाईल पर्समध्ये जाणार. पण तुम्ही मला दोन दिवस शेवटच्या बाकावर बसवलंत. मुलं बोलतील तसं वहीत उतरवायचं. नाव मात्र कुणाचंच नाही, ना वहीत, ना मोबाईलमध्ये. 'माझा भाकरी', 'चादर धुतला', 'बस आलं'. निम्म्या वर्गाच्या घरी तेलुगू. तेलुगूत आई आली तरी 'वच्चिंदि' आणि बस आली तरी 'वच्चिंदि'. मराठीत बस 'ती' आणि टॉवेल 'तो' का, याचं उत्तर माझ्याकडंही नव्हतं. लहानपणापासून बोलतेय, म्हणून येतं, इतकंच.

मग ती १७ वाक्यं टाकून मी चॅटजीपीटीला विचारलं, चुका कसल्या आहेत, गट पाड. छान पाडले. फक्त एका मुलाचं 'मी येऊलालो' त्यानं चुकीत ढकललं आणि मीही मान डोलावली. तुम्ही इतक्या हसलात! "अगं, ती चूक कुठली? ती आपली बोली. तू काय घरी 'येत आहे' म्हणतेस का बे?" बाई, तुमच्या तोंडी 'बे' मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधणारं यंत्र ते; छापील मराठीत 'येऊलालो' त्याला कितीदा भेटलं असणार?

पिशवीतून वस्तू काढायची आणि माझा, माझी, माझं म्हणायचं, ही कृती मात्र त्याचीच. यादीत त्यानं स्ट्रॉबेरी घातली होती. तुम्ही ती खोडून हातमाग-यंत्रमागावरचे तीन शब्द लिहिलेत: धोटा (मागावर इकडून तिकडं धावणारा), कांडी (धोट्यात बसणारी, सूत गुंडाळलेली), सूत. तो, ती, ते. आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही वस्तू घरून घेऊन आलात.

पिशवीतून धोटा निघाला तेव्हा मागच्या बाकावरची, महिनाभर तोंड न उघडलेली मुलगी उठून पुढं आली. तो कसा धावतो, कांडी कुठं बसते, सूत तुटलं की काय करायचं, सगळं सांगत सुटली. दोनदा 'कांडी संपला' म्हणाली, तिसऱ्यांदा स्वतःच थांबून 'संपली'. मी काही शिकवलं नव्हतं, पिशवी धरून उभी होते. ठरलेल्या चारपैकी दोन कृती राहून गेल्या. निरीक्षण वहीत तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

आता टाचण करायला मला मिनिट नाही, दीड तास लागतो. मैत्रिणी हसतात.

कांडी आणि सूत त्याच दिवशी दिलं होतं. धोटा अजून माझ्या टेबलावर आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर घेऊन येते. चहा ठेवा.

तुमची,
शेवटच्या बाकावरची छात्राध्यापिका
सोलापूर