चि. मुक्ता, दिल्लीला जाण्यापूर्वी हे वाच

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मंत्र्यांच्या कार्यालयात तुझी नेमणूक झाल्याचं कळताच तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. मला आनंद झालाच, पण त्याबरोबर परमेश्वर नारायण हक्सर आठवले. तुमच्या पिढीच्या कानावर हे नाव फारसं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९६७ साली लंडनच्या उच्चायुक्तालयातून ते इंदिरा गांधींचे सचिव म्हणून दिल्लीत आले. पाठीशी पक्ष नाही, मतदारसंघ नाही. लेखणी मात्र होती. बाईंपुढे काय मांडायचं ते टिपणात लिहायचं, दोन्ही बाजू लिहायच्या आणि आपलं मत शेवटी स्पष्ट द्यायचं, हा त्यांचा खाक्या.

बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा, जुलै १९६९ चा आठवडा बघ. १६ तारखेला इंदिराबाईंनी मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं. व्ही. व्ही. गिरी तेव्हा हंगामी राष्ट्रपती होते, आणि राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवण्यासाठी ते २० तारखेला पायउतार होणार होते. २१ ला संसदेचं अधिवेशन. वटहुकूम काढायचा तर १९ च्या आत. हक्सरांसह मूठभर अधिकाऱ्यांनी हे काम पार पाडलं, मसुदा तयार केला आणि पन्नास कोटींवर ठेवी असलेल्या १४ बँका सरकारच्या झाल्या. ज्या महाबँकेच्या पगारावर तुझं शिक्षण झालं, तीही त्यांत होती. एवढ्या घाईत केलेलं काम पुढे सर्वोच्च न्यायालयात टिकलं नाही, फेब्रुवारी १९७० मध्ये नवा वटहुकूम काढावा लागला. हेही लक्षात असू दे. साहेबांना घाई असते तेव्हा मसुदा आणखी एकदा वाचणारं माणूस लागतं, ते तू हो.

१९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानशी १९७२ मध्ये सिमल्यात वाटाघाटी झाल्या, तेव्हा हक्सरांचं म्हणणं होतं की हरलेल्या देशाची मान इतकी खाली घालू नये की तो सूडाने पेटून उठेल. पहिल्या महायुद्धानंतरचा जर्मनी त्यांच्या डोळ्यांपुढे होता. त्यावर आजही वाद घातले जातात. मला त्यांची बाजू पटते.

पण मी पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणासाठी. संजय गांधींच्या मारुती मोटारीच्या उद्योगापासून पंतप्रधानांनी लांब राहावं, असं हक्सरांनी त्यांना सांगितलं. आईला तिच्या मुलाबद्दल हे सांगायचं! त्यानंतर त्यांचं वजन कमी होत गेलं आणि जानेवारी १९७३ मध्ये ते त्या खुर्चीवरून उतरले. त्याच वर्षी देऊ केलेला पद्मविभूषणही त्यांनी घेतला नाही. केलेल्या कामाबद्दल सन्मान घेणं त्यांना अवघड वाटत होतं.

आणीबाणीत तर कॅनॉट प्लेसमधल्या त्यांच्या नातेवाइकांच्या ‘पंडित ब्रदर्स’ दुकानावर छापा पडला, म्हाताऱ्या काकांना अटक झाली. हक्सर तेव्हा नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, आणि त्या पदावर ते राहिले. ते का राहिले, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. मी त्यांचा चाहता आहे, तरी हे मला खुपतं. आणि पंतप्रधानांच्या सचिवालयाला त्यांनीच एवढं बळ दिलं होतं. सगळी सूत्रं एका जागी आणली की ती पुढे कुणाच्याही हाती जाऊ शकतात. आणीबाणीत ती सचिवालयातून पंतप्रधानांच्या घरात गेली.

म्हणून दोन गोष्टी आत्ताच कर. नकार द्यायची वेळ आली तर तो लेखी दे, तारीख घालून. आणि सरकारी घर मिळालं तरी पुण्यातली तुझी खोली आम्ही तशीच ठेवतो आहोत, म्हणजे नोकरी सोडायची झाली तर राहायचं कुठे हा प्रश्न तुला अडवणार नाही. घरखर्चाचीही काळजी करू नकोस, माझ्या पेन्शनमध्ये आमचं भागतं.

हक्सरांचे कागद दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात ठेवले आहेत. एखाद्या सुटीच्या दिवशी जाऊन त्यांची टिपणं चाळून ये आणि ‘नाही’ म्हणताना ते वाक्य कसं लिहीत, ते मला कळव.

तुझे,
बाबा