रेग्युलेटर निवडताना गोव्याचा समुद्र लक्षात घ्यावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

चवथ आटोपली की स्कूबा डायव्हिंगच्या, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली उतरण्याच्या, हंगामाची तयारी सुरू होते. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत वास्कोजवळच्या ग्रांदे बेटाच्या परिसरात बोटी जातात आणि त्या बोटींवर आता आपल्याच गावांतील अनेक तरुण डाइव्हमास्टर (पाण्याखालचे वाटाडे) व प्रशिक्षक म्हणून काम करताना दिसतात. त्यांच्या पदरचा पहिला मोठा खर्च म्हणजे स्वतःचा रेग्युलेटर, सिलिंडरमधील हवा श्वास घेण्याजोग्या दाबाने तोंडात देणारे उपकरण. ही खरेदी बहुतेक वेळा परदेशी कॅटलॉग पाहून किंवा मित्राकडे जे आहे तेच मागवून केली जाते, आणि आपण कोणत्या पाण्यात उतरणार आहोत व वस्तू बिघडली तर कोण दुरुस्त करणार आहे, हे प्रश्न मागे राहतात. डायव्हिंगशी अनेक वर्षांचा संबंध असल्यामुळे याविषयी चार गोष्टी सविस्तर मांडाव्यात असे वाटते.

रेग्युलेटरचे काम दोन टप्प्यांत चालते. सिलिंडरमधील सुमारे २०० बार दाबाची हवा सिलिंडरवर बसवायचा पहिला टप्पा भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार अधिक इतक्या दाबावर आणतो, आणि तोंडात धरायचा दुसरा टप्पा श्वास ओढताक्षणी तीच हवा भोवतालच्या दाबाने देतो. फ्रान्समध्ये १९४३ साली जाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी मागणीनुसार हवा देणारे जे उपकरण तयार केले, त्याचेच तत्त्व आजही वापरात आहे. म्हणून प्रतिष्ठित कंपनीचे साधे मॉडेल आणि तिचेच सर्वांत महाग मॉडेल यांत सुरक्षिततेचा जो फरक जाहिरातीतून भासतो, तो आपल्या खोलीवर प्रत्यक्षात तितका राहत नाही.

थंड पाण्याचेच पाहा. दाब एकदम उतरला की हवा गार होते. युरोपातल्या थंड तळ्यांत त्यामुळे रेग्युलेटरच्या आत बर्फ धरतो, झडप उघडी राहते आणि हवा अखंड वाहू लागते. म्हणूनच ईएन २५० या युरोपीय मानकात १० अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यासाठी वेगळी चाचणी आहे. आपले पाणी त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. त्या क्षमतेसाठी मोजलेले जादा पैसे गोव्यात कामी येत नाहीत.

आपल्याकडची खरी अडचण गाळ आणि मीठ ही आहे. मांडवी आणि जुवारीचे पाणी जो गाळ समुद्रात आणते, त्यामुळे ग्रांदेजवळ कित्येक दिवस चार-पाच मीटरांपलीकडे दिसत नाही. साध्या पिस्टन (दट्ट्या) पद्धतीच्या पहिल्या टप्प्यात स्प्रिंगच्या कप्प्यात समुद्राचे पाणी थेट शिरते आणि त्याबरोबर आलेले बारीक कण व मीठ पिस्टनच्या ओ-रिंगपाशी (रबरी कडीपाशी) साठतात. डायफ्रॅम पद्धतीत आतील यंत्रणा रबरी पडद्याच्या मागे राहते, आणि सीलबंद मॉडेल असेल तर स्प्रिंगही कोरडी राहते. कॅटलॉगमध्ये हे सील थंड पाण्यासाठी म्हणून सांगितलेले असते. आपल्याला त्याचा उपयोग गाळासाठी होतो. रोज पाण्यात उतरणाऱ्या प्रशिक्षकाने माझ्या मते सीलबंद, बॅलन्स्ड (सिलिंडरमधील दाब उतरला तरी सारखाच चालणारा) डायफ्रॅमच घ्यावा. जो हंगामात मोजक्या वेळा हौसेने जातो, त्याला अनबॅलन्स्ड साधा पिस्टनही पुरेसा आहे. सिलिंडर रिकामा होत आला की त्यातून श्वास ओढणे किंचित जड होते हे खरे. पण ग्रांदेच्या बहुतेक जागा १५ मीटरांच्या आसपास आहेत आणि त्या खोलीवर हा फरक फारसा जाणवत नाही. अशा रेग्युलेटरमध्ये हलणारे भाग कमी असतात, त्यामुळे त्याची सर्व्हिसही स्वस्त पडते. मात्र प्रत्येक डाइव्हनंतर तो गोड्या पाण्यात नीट भिजवला पाहिजे, आणि भिजवताना धूळझाकण (पहिल्या टप्प्याच्या हवा आत घेणाऱ्या तोंडावरचे झाकण) कोरडे करून घट्ट लावलेले असले पाहिजे व दुसऱ्या टप्प्यावरचे हवा सोडणारे पर्ज बटण दाबता कामा नये, अन्यथा पाणी आत जाते.

सर्व्हिसचा हिशोब तरुण मंडळी खरेदीच्या वेळी करत नाहीत. बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा तपासणी करायला सांगतात. पूर्ण सर्व्हिस कोणी वर्षाने, कोणी दोन वर्षांनी किंवा १०० डाइव्ह झाल्यावर करायला सांगतात. दिवसाला दोन वेळा पाण्यात उतरणारा प्रशिक्षक हा शंभराचा आकडा दोन महिन्यांच्या आत गाठतो. म्हणजे काही हंगामांतच सर्व्हिसचा खर्च मूळ किमतीला मागे टाकू शकतो. त्यासाठी दरवेळी रेग्युलेटर कुरियरने परराज्यात पाठवावा लागणार असेल, तर ऐन हंगामात काम बुडेल किंवा, अधिक धोक्याचे म्हणजे, सर्व्हिसच पुढे ढकलली जाईल. ज्या कंपनीचे सर्व्हिस किट भारतात मिळते आणि ज्या मॉडेलवर काम करणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ आवाक्यात आहे, तोच रेग्युलेटर घ्यावा. त्याहून सरस असलेला पण सुट्या भागांवाचून अडून राहणारा नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

हंगाम संपताना परतणाऱ्या पाहुण्या डायव्हरकडून वापरलेला रेग्युलेटर स्वस्तात घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तो घेऊच नये असे मी म्हणणार नाही, पण आधी पाहावे. पहिल्या टप्प्याचे धूळझाकण काढले की आत रुपयाच्या नाण्याहून लहान, चांदीसारखा दिसणारा धातूचा फिल्टर दिसतो. तो हिरवट पडला असेल तर खारे पाणी आत गेले आहे. तांबूस-तपकिरी असेल तर गंजलेल्या लोखंडी सिलिंडरचा गंज त्यात आला आहे. होजवरचे (हवेच्या नळीवरचे) रबरी आवरण मागे सरकवून धातूच्या जोडापाशी चिरा आहेत का ते पाहावे, कारण चिरा नेमक्या तिथेच पडतात आणि आवरणाखाली झाकल्या जातात. मग झाकण परत घट्ट लावून, सिलिंडरला न जोडता, दुसऱ्या टप्प्यातून हलकेच श्वास ओढून पाहावा. हवा येता कामा नये. येत असेल तर पडदा किंवा श्वास बाहेर सोडणारी झडप गळते आहे आणि पाण्यात तोंडात पाणी येणार. शेवटी सिलिंडर जोडून, इन्फ्लेटरच्या, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या, होजला छोटा दाबमापक लावून काटा पाहावा. तो ९-१० बारच्या दरम्यान जाऊन स्थिर राहिला तर ठीक. मिनिटभरात हळूहळू वर चढत राहिला तर पहिल्या टप्प्याची सीट (झडपेची बैठक) झिजली आहे. तशा रेग्युलेटरच्या किमतीत पूर्ण सर्व्हिसचा खर्च धरूनच सौदा करावा.

जोडणीविषयी थोडे. इथल्या बोटींवर योक पद्धतीचे, म्हणजे रेग्युलेटर वरून शिकंज्याने आवळायचे, सिलिंडर सर्रास असतात, त्यामुळे योक घेतल्यास अडत नाही. सिलिंडरच्या तोंडात आट्यांनी फिरवून बसवायची डिन जोडणी अधिक भक्कम असते आणि तिची ओ-रिंग आपल्याच रेग्युलेटरवर असल्याने आपल्या देखरेखीत राहते. ती घेणाऱ्याने योकचा अडॅप्टर सोबत ठेवावा.

ऑक्टोपस, म्हणजे पिवळ्या होजचा जादा दुसरा टप्पा, यावर मात्र पैसे वाचवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुख्य टप्पा उत्तम आणि ऑक्टोपस मिळेल तो, अशी जोडी अनेकदा दिसते. प्रशिक्षकाचा ऑक्टोपस ज्याच्या तोंडात जातो तो बहुधा पहिल्यांदाच पाण्याखाली आलेला, घाबरलेला, भराभर श्वास घेणारा पाहुणा असतो. त्याच वेळी प्रशिक्षकही त्याच पहिल्या टप्प्यातून श्वास घेत असतो. दोघांना एकाच वेळी हवा पुरवण्याची चाचणी उत्तीर्ण झालेल्या रेग्युलेटरवर ‘ईएन २५० ए’ अशी खूण असते. ही खूण पाहूनच संच घ्यावा.

या निमित्ताने दोन सूचना कराव्याशा वाटतात. पर्यटन खात्याने डायव्हिंग व्यावसायिकांना परवाना देताना प्रत्येक रेग्युलेटरचा अनुक्रमांक आणि शेवटच्या सर्व्हिसची तारीख असलेली नोंदवही बोटीवर ठेवणे बंधनकारक करावे व ती पाहण्याचा हक्क पर्यटकालाही असावा. आणि पणजीतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेने कंपन्यांच्या साहाय्याने स्थानिक मुलांना रेग्युलेटर उघडून दुरुस्त करण्याचे रीतसर प्रशिक्षण देण्याचे मनावर घ्यावे. दुरुस्ती घराजवळ होऊ लागली की आमच्या मुलांना रेग्युलेटर निवडताना सुट्या भागांची आणि कुरियरची चिंता करावी लागणार नाही.

आपला,
एक वाचक, वास्को