बायोप्सी झाली, पुढे काय?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर महिना आला की स्तनाच्या कर्करोगावर भरभरून छापून येते. गाठ अंगावर काढू नका, वेळेत तपासून घ्या, हे सांगायलाच हवे. पण लेख तिथेच संपतो. बायोप्सीत कॅन्सर निघाल्यावर काय करायचे, हे त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना कोणी सांगत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत घाईने घेतलेला निर्णय नंतर फिरवता येत नाही.

घाई बहुतेकदा एकाच वाक्यातून होते: ‘आधी गाठ काढून टाकू, बाकीचे मग बघू.’ गाठ २ सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेतल्या गाठींत आजार पोहोचला असेल, आणि कर्करोग हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असलेला) किंवा ट्रिपल निगेटिव्ह (हर-टू आणि ईआर, पीआर हे संप्रेरकांचे ग्राहक, तिन्ही निगेटिव्ह असलेला) प्रकारचा असेल, तर साधारणपणे औषधे आधी देतात आणि ऑपरेशन नंतर करतात. कारण असे की, औषधांनी गाठ किती विरघळली हे ऑपरेशनच्या वेळी कळते आणि त्यावरून पुढचे औषध ठरते. आधीच गाठ काढली, तर ही माहिती कायमची हातची जाते. तपासण्या पूर्ण करण्यात दोन-तीन आठवडे गेल्याने सहसा नुकसान होत नाही. स्तन लाल होऊन झपाट्याने सुजला असेल, तर मात्र एक दिवसही दवडू नये.

म्हणून रिपोर्ट पुरा हवा. बारीक सुईने फक्त पेशी मिळतात, कोअर बायोप्सीत, म्हणजे जाड सुईने, गाठीचा तुकडा मिळतो. तो तासाभरात फॉर्मलिन या टिकवणाऱ्या द्रावणात पडला पाहिजे आणि त्यात ६ ते ७२ तास राहिला पाहिजे, नाहीतर ईआर आणि पीआर खोटेच निगेटिव्ह दिसू शकतात. हर-टूसमोर ० किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह. २+ म्हणजे निकाल लागलेला नाही, फिश ही हर-टूचे जनुक मोजणारी तपासणी करावी लागते, आणि ती त्याच ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या त्याच तुकड्यावर) होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. ‘फिश करावी’ ही ओळ बहुधा रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात असते आणि नजरेतून सुटते. ती सुटली, तर हर-टूवरचे नेमके औषध मिळायचे राहून जाते. शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि २+ दिसले तर फिश कधी होणार ते त्याच भेटीत विचारा.

औषधे आधी द्यायची ठरली, तर गाठीत धातूची छोटी क्लिप बसवली आहे का, हे केमो सुरू होण्याआधी विचारावे. औषधाने गाठ पूर्ण विरघळली की सर्जनला जागा दाखवणारी तीच एक खूण उरते. क्लिप नसेल, तर वाचू शकणारा स्तनही काढायची वेळ येऊ शकते. स्तन वाचवून गाठ काढणे आणि त्यानंतर रेडिएशन घेणे, यात जगण्याची शक्यता पूर्ण स्तन काढण्याइतकीच असते, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या २० वर्षांच्या पाठपुराव्यात दिसले आहे. रेडिएशन टाळायचे असेल, तर हा पर्याय बहुतेकींसाठी उरत नाही, म्हणून त्याचाही विचार आधीच व्हावा.

दुसरे मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नका. पॅथॉलॉजिस्ट स्लाइड पाहतो, म्हणून लॅबकडून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लेखी मागून घ्या. ब्लॉक उन्हात किंवा गाडीत तापू देऊ नका, मेण वितळते. मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी आणि चालू औषधांची यादी सोबत हवी. एकजण ऐकायला आणि एकजण लिहायला असला की बरे, कारण त्या खोलीत ऐकलेले अर्धे विसरायला होते. ‘हा उपचार बरे होण्यासाठी आहे की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी?’ हे विचारायला संकोच करू नये.

पुढे मूल हवे असेल, तर पहिल्या केमोच्या आधीच सांगा. अंडी काढून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात. औषधानुसार हृदयाचा इको लागतो. हिपॅटायटिस-बी तपासून घ्यावा, आणि हाडे मजबूत ठेवणारे इंजेक्शन ठरले असेल तर आधी दात दाखवावेत. केमोनंतर ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी खूप घटतात. तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक आला, तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालय गाठावे. ज्या नंबरवर रात्री माणूस फोन उचलतो तो फाइलच्या वरच्या पानावर लिहून ठेवा.

टॅमॉक्सिफेन ही ईआर पॉझिटिव्ह कर्करोगावरची, संप्रेरकाचा परिणाम रोखणारी गोळी घेताना मनाच्या आजारावरची पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही औषधे त्याचा परिणाम कमी करू शकतात. ती स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावीत.

येत्या ऑक्टोबरात स्वतःच्या तपासणीच्या चित्राशेजारी हर-टू २+ म्हणजे काय आणि क्लिपबद्दल कधी विचारायचे, एवढी चौकट आपण छापावी, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक