ताई, त्या ४८ सेकंदांसाठी

ताई, नमस्कार. मोटारसायकल नीट चालवायला शिकवणारे तुमचे व्हिडिओ पाहणारा मी एक जण.

परवा संध्याकाळी घरी पोहोचलो, गाडी स्टँडला लावली आणि हेल्मेटसुद्धा न काढता जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. हात थरथरत होते. मुलगी समोर उभी राहून विचारत होती, "बाबा, काय झालं?" काही झालं नव्हतं, ताई. तेच तुम्हाला सांगायला बसलोय. काहीच झालं नाही, आणि ते तुमच्यामुळे झालं नाही.

चौकात समोरून येणारी मोटार जराशी थबकली आणि एकदम माझ्या आडवी वळली. मुलगी माझ्या मागे बसली होती. वेग ४० च्या आसपास असेल. पुढचं सगळं नीट आठवत नाही. आठवतो तो उजव्या हाताच्या बोटांवर चढत गेलेला जोर. गाडी सरळ रेषेत थांबली. मोटारीचं मागचं दार माझ्या पुढच्या चाकापासून हातभर लांब होतं. मागचं चाक सरकलं नाही, हँडल डगमगलं नाही. मुलीचं हेल्मेट माझ्या पाठीवर टेकलं, एवढंच. मोटार निघून गेली. चालवणाऱ्याला मी शेवटपर्यंत दिसलोच नसेन, असं मला वाटतं.

दोन वर्षांपूर्वी असाच चौक होता, अशीच मोटार होती, आणि मागे बायको होती. तेव्हा मी उजव्या पायाने मागचा ब्रेक होता नव्हता तेवढा जोर लावून दाबला. मागचं चाक लॉक झालं, गाडी आडवी झाली आणि आम्ही दोघं फरफटत गेलो. मला खरचटलं. तिचं कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे तिचा हात गळ्यात होता, आणि त्या सहा आठवड्यांत तिने मला एकदाही दोष दिला नाही. ते जास्त लागलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "चूक मोटारवाल्याचीच." खरंच होतं. पण त्या वाक्याने माझं काही भागत नव्हतं. पुन्हा तसाच कुणी आडवा आला तर मी काय करायचं, हे कुणी सांगत नव्हतं.

मला गाडी शिकवली घरातल्याच एका मोठ्या माणसाने. क्लच, गिअर, मूठ पिळणं, सगळं एका दुपारी. थांबण्याबद्दल एकच वाक्य: "पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, तोंडावर आपटशील." त्या वाक्यावर मी १९ वर्षं गाडी चालवली. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनाही कुणीतरी तेच सांगितलं असणार. परवान्याच्या चाचणीत आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, पास झालो. ब्रेक कसा लावतोस हे तिथेही कुणी पाहिलं नाही.

राग येतो तो अपघातानंतर ज्या प्रशिक्षण वर्गात गेलो त्याचा. पैसे भरले, सुट्टीचा दिवस घातला. तिथल्या शिक्षकाने पहिलाच प्रश्न विचारला, "किती वर्षं चालवताय?" १९ म्हटल्यावर म्हणाला, "मग तुम्हाला काय शिकवायचं!" मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या. मी त्याला दोनदा सांगितलं की घाईच्या वेळी माझी बोटं पुढच्या ब्रेककडे जातच नाहीत. दोन्ही वेळा तो फोनवर बोलत होता. संध्याकाळी प्रमाणपत्र हातात दिलं. मदत मागायला आलेल्या माणसाला कागद देऊन वाटेला लावणं ही फसवणूक आहे, ताई, आणि या कामात त्या फसवणुकीची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. ते प्रमाणपत्र मी घरी येऊन फाडलं.

तुमचे व्हिडिओ पाहायला लागलो ते झोप येत नव्हती म्हणून. डोळे मिटले की मागच्या चाकाचा तो आवाज यायचा. एका भागात तुम्ही १९८१ सालच्या अहवालाबद्दल बोललात. साउदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांच्या जागी स्वतः गेले, एकेक गोष्ट मोजली, लिहून ठेवली. त्या अपघातांमधले ९२ टक्के चालक कुठलंही प्रशिक्षण न घेतलेले होते. स्वतःहून नाहीतर घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत हातात असायचे जेमतेम २ सेकंद. त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका दाबला की चाक घसरलं, आणि पुढचा पुरेसा लावलाच नाही. मी तिथे व्हिडिओ थांबवला. इतक्या वर्षांपूर्वी, इतक्या लांब कुणीतरी माझाच अपघात लिहून ठेवला होता, आणि माझ्यापर्यंत तो पोहोचवायचे कष्ट तुमच्याआधी कुणी घेतले नव्हते.

अपघातानंतर कितीतरी महिने मी त्या मोटारवाल्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो. तुम्ही समजावून सांगितलंत की सरळ समोरून येणारी मोटारसायकल बघणाऱ्याच्या डोळ्यात बराच वेळ नुसता ठिपका असते. तो ठिपका जागचा हलत नाही, आणि अगदी जवळ आल्यावर एकदम मोठा होतो. वस्तू लहान असली की ती लांब आहे, अजून वेळ आहे, असंच वाटतं. त्यात मोटारीच्या काचेशेजारचा खांब अख्खी मोटारसायकल झाकू शकतो. तुम्ही त्याची चूक पोटात घातली नाहीत, पण माझ्या हातात काय आहे ते दाखवलंत. चौक आला की अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सैल करा, दोन बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर ठेवा, रस्त्याच्या रुंदीत जरा जागा बदला म्हणजे तो ठिपका हलेल. आणि वळायला थांबलेल्या माणसाच्या डोळ्यांवर विसंबू नका, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. नजरानजर झाली तरी त्याने तुम्हाला पाहिलंच असं नाही. परवा मला ते चाक दिसलं. मोटार हलतेय हे कळायच्या आधी मला चाक फिरताना दिसलं. बोटं आधीच लिव्हरवर होती. ५० च्या वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे अर्धा सेकंद वाचला तर ७ मीटर. परवा माझा वेग थोडा कमी होता, पण मला हातभरच जागा उरली होती. तो अर्धा सेकंद नसता तर?

पण हे सगळं तुम्ही सगळ्यांसाठीच सांगितलंत. मी आज लिहितोय ते तुम्ही फक्त माझ्यासाठी केलंत त्याबद्दल.

सात महिन्यांपूर्वी मी तुम्हाला पत्र लिहिलं. लिहिलं की सगळं कळतं, ब्रेक लावला की वजन पुढे येतं, पुढचं चाक रस्त्यावर घट्ट बसतं, मागचं हलकं होतं म्हणून घसरतं, सगळं पाठ झालंय. पण मुठीवरची बोटं लिव्हरवर नेली की हात लाकडासारखा होतो. या वयात हे विचारायची लाज वाटते, असंही लिहिलं होतं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी आलं. पहिली ओळ अशी होती: "मागे बसल्या होत्या त्या आता कशा आहेत?" मला वाचवायला निघालेल्या इतक्या लोकांत तिची चौकशी पहिल्या ओळीत करणाऱ्या तुम्हीच.

आणि सोबत ४८ सेकंदांची एक चित्रफीत. तुमचा चेहरा नाही, संगीत नाही. फक्त तुमचा उजवा हात, मूठ आणि लिव्हर. एरवी हातमोज्याशिवाय तुम्ही गाडीला हात लावत नाही. इथे हात उघडा होता. तुम्ही म्हणालात, "इंजिन बंद आहे, म्हणून हातमोजा काढलाय. माझ्या नखांकडे बघा."

ताई, ती नखं मी किती वेळा पाहिली असतील याचा हिशेब नाही. अंगठ्याच्या नखाखाली ग्रीसची काळी रेघ. मधली दोन बोटं लिव्हरवर येऊन टेकतात, नखं गुलाबी. लिव्हरमधला सैलपणा संपतो, तरी गुलाबी. तिथे तुम्ही क्षणभर थांबता आणि म्हणता, "आता वजन पुढे आलं. त्याला यायला एवढा वेळ द्यायचा." मग नखांच्या टोकाला पांढरी कड दिसायला लागते, ती आत आत सरकते, आणि शेवटी अख्खं नख पांढरं होतं. कुठेही झटका नाही, आणि कुठे रेंगाळणंही नाही. गाडी थांबायच्या बेताला पुन्हा जराशी लाली येते. हे तुम्ही चार वेळा केलंत. चौथ्या वेळी वेग वाढवलात, तरी पायऱ्या त्याच, त्याच क्रमाने. १९ वर्षं मला जी भीती घातली होती ती पुढच्या ब्रेकची. खरी भीती होती ती वजन पुढे यायच्या आत लिव्हर खसकन ओढण्याची. हे वाचून मला कळलं नव्हतं. तुमच्या नखाचा रंग बदलताना पाहिला आणि कळलं.

लाजेबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. धीर धरा, घाबरू नका, असलंही काही नाही. मी जिथे अडलो होतो तिथेच बोट ठेवलंत, अगदी शब्दशः. शेवटी एवढंच: "जमलं की कळवा."

त्यानंतर दर रविवारी सकाळी मोकळं मैदान. २० चा वेग, मग ३०, मग ४०. कोरडी जमीन, गाडी सरळ उभी, तुम्ही सांगितलं होतं तसंच. माझी गाडी जुनी आहे, तिला एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही, त्यामुळे बोटांनाच शिकावं लागलं. बायको खडू घेऊन उभी राहायची. ब्रेक लावायची रेघ ती आधी मारायची आणि मी थांबलो तिथे दुसरी. पहिल्या रविवारी दोन रेघांमधलं अंतर बघून ती गप्प बसली. पुढच्या आठवड्यांत दुसरी रेघ पहिलीकडे सरकत गेली. एका रविवारी तिने खडू खिशात टाकला, हेल्मेट घातलं आणि न बोलता मागे येऊन बसली. अपघातानंतर पहिल्यांदा.

तुमच्यासारखी माणसं कशामुळे अशी होतात, मी खरंच विचार करतो. पडलेल्या कुणाचं चित्रण दाखवून तुम्ही कधी कुणाला हसवलं नाहीत. चुकणाऱ्याला मूर्ख म्हटलं नाहीत. ओल्या रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर एकदा तुमचंच चाक सरकलं, तेवढा तुकडा सहज कापता आला असता. तुम्ही ठेवलात आणि म्हणालात, "पट्टा मला दिसला होता, तरी त्याच्यावर ब्रेक लावला. चुकले." ज्याला खरंच येतं तोच असं सांगू शकतो. मोठ्या ट्रकच्या मागे उभं राहून त्याचा आरसा दाखवत होतात तो भागही आठवतो: आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी तुम्ही उन्हात त्या ट्रकभोवती सहा ठिकाणी उभ्या राहिलात, म्हणजे बघणाऱ्याला शंका राहू नये. जो माणूस आपल्याला कधी भेटणार नाही, ज्याचं नावही कळणार नाही, त्याच्यासाठी एवढे कष्ट घेणं याला मी सज्जनपणा म्हणतो. आणि अशा माणसांना वेळेवर कळवायचं राहून जातं, जसं माझं सात महिने राहिलं. आज जमतंय, उद्या अजून नीट जमेल, मग लिहू, असं करत राहिलो. परवा पायरीवर बसल्यावर ठरवलं की आता थांबायचं नाही.

मुलीला मी ती चित्रफीत काल दाखवली. तिने ती दोनदा पाहिली, मग माझा उजवा हात उचलून माझी नखं पाहिली.

तुम्ही विचारलं होतंत, मागे बसल्या होत्या त्या कशा आहेत. हात पूर्ण वर जातो आता. पावसाळी हवेत थोडं दुखतं. हे पत्र तिने वाचलंय, आणि दोन रेघांचं जिथे लिहिलंय तिथे "शेवटचं अंतर माझ्या बारा पावलांचं होतं, तेही लिहा" म्हणाली. म्हणून लिहितोय.

आणि जमलं, ताई.